गुरुवारची गोळी

“…मग मी काय सोंग करते? महाराज, एकानंही माझं खरं मानलं नाही!”

कौतिकाबाई मठाच्या ओसरीवर टेकली तीच हे बोलत. धुंडिनाथ महाराज वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नवरा म्हणतो, धडधाकट बाई, हिला काय धाड भरली. सासू म्हणते, कामाचा कंटाळा. लोकांचं काय जातं बोलायला! मला विहिरीवर जायची भीती वाटते, महाराज. आज कळशी घरीच टाकून आले.”

“पाण्याची भीती?”

“…माझीच.”

वात वळणारा हात थांबला.

“कुणाला सांगितलंस?”

“विहिरीचं तुम्हालाच. जीव लागत नाही, एवढं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या. तिथल्या एक ताई समोर बसवून बोलतं करतात. इथं येऊन नाम घेते ते वेगळंच. चार दिवस उजाडल्यासारखं वाटतं, की पुन्हा अंधार.”

“भक्ती कच्ची!” केदार मध्येच बोलला. हा महाराजांचा थोरला शिष्य. आल्यागेल्याला उपास लावून देणं याच्याकडेच. “हिला डॉक्टरही हवा, मठही हवा. महाराज, हिचे उपास वाढवू का?”

महाराजांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

“गोळी कधी घेतेस, माय?”

“जेवल्यावर. तशीच सांगितलीय.”

“आज घेतलीस?”

“आज कशी घेईन? गुरुवार. पाणीसुद्धा नाही घेतलं.”

“सोमवारी?”

“उपास.”

“मंगळवारी?”

“तो देवीचा…” बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. “डॉक्टरीणबाई विचारतात, रोज घेता ना? मी हो म्हणते. उपासाचं सांगितलं तर हसतील म्हणून…”



महाराज उठले. गाईसाठी काढून ठेवलेली भाकरी त्यांनी आणली, मोडली, अर्धी तिच्यापुढे ठेवली. उरलेलीचा घास स्वतःच्या तोंडात घातला.

“महाराज! आज गुरुवार आहे!” केदार किंचाळलाच.

“खा, माय. पाणी पी. गोळी आणलीस?”

कमरेच्या पिशवीत होती. तिनं भाकरी खाल्ली, गोळी घेतली.

“म्हणजे आता मी मठात यायचं नाही?”

“यायचं की. जेवून यायचं. ताईंकडेही जायचं. डॉक्टरीणबाईंना उद्याच सगळं खरं सांगायचं, उपासाचं आणि विहिरीचंही. तोवर विहिरीवर एकटी जायचं नाही. पाणी हा केदार भरून देईल.”

“पण गुण कशाचा येणार? गोळीचा, बोलण्याचा, की नामाचा?”

महाराजांनी हातातला तुकडा तिच्यापुढे धरला.

“यात पीठ कुठं, पाणी कुठं, जाळ कुठं… दाखव.”

तिनं वाकून तुकडा निरखला. पण एवढ्यावर गप्प बसेल ती कौतिका कसली!

“ते राहू द्या. आजवर सगळ्यांनी मलाच दोष दिला. आज मला नाव पाहिजे. माझ्या तोंडची गोळी कुणी काढली?” तिनं केदारकडे बोट केलं. “यानं?”

केदारची मान खाली गेली.

“याला उपास लावायला ज्यानं शिकवलं, त्याचं नाव घे.” महाराजांनी हातातला तुकडा खाऊन टाकला. “धुंडिनाथ.”