चिमाक्कानं ओढलेली मिठाची रेघ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर घाटाला गाडीरस्ता नव्हता आणि आमच्या वाडीला मीठसुद्धा डोक्यावरून यायचं, तेव्हाची. ते मीठ आणायची चिमाक्का. कोकणात उतरायची, पाटीभर जाडं मीठ घ्यायची आणि खिंडीतून वर यायची. खिंडीच्या वर उंबराईचा डोंगर, आणि अगदी माथ्यावर देवीचं देऊळ.

खिंडीतल्या एका दगडाला वाटीएवढा खळगा आहे. चिमाक्का त्यात चिमूटभर मीठ ठेवायची आणि येताजाता त्यावर अंगठा टेकवायची. मीठ झडून पडलं की माथा मोकळा. अंगठ्याला चिकटलं की त्या दिवशी वर जायचं नाही. माथ्यावरचा वारा आधी खिंडीत येतो आणि मिठाला सगळं सांगून जातो, असं ती म्हणायची. तिचा अंगठा कधी चुकला नाही, असं म्हणतात.

म्हणतात खरं, पण एकदा चुकला होता. जत्रेच्या दिवशी तिनं पालखी अडवली आणि पावसाचा थेंबही पडला नाही. मग काय विचारता! वर्षभर पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "चिमाक्का, आज वाळवण घालू का गं?" आणि हसत सुटायच्या. तिचा मुलगा म्हादू तर मान खाली घालून चालायचा.

पुढच्या चैत्रात पुन्हा जत्रा आली. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं. पालखीचा पुढचा दांडा यंदा पहिल्यांदाच म्हादूच्या खांद्यावर होता. चिमाक्का नुकतीच कोकणातून चढून आली होती, भरली पाटी डोक्यावर होती. तिनं खळग्यात अंगठा टेकवला. मीठ ओलं होतं.

"रावजी पाटील, आज वर नका जाऊ," ती म्हणाली.

"आली का यंदापण?" पाटील म्हणाले. "गेल्या साली तुझ्यापायी देवीचा निवद शिळा झाला. सर बाजूला."

म्हादू दबक्या आवाजात म्हणाला, "आये, पाया पडतो. गप बस की यंदा तरी."

मुलाचा तो चेहरा बघून तिला वाटलं, सरावं बाजूला. पुन्हा चुकले तर ह्या वाडीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण अंगठ्याला मीठ तसंच चिकटून होतं. तिनं पाटी उतरवली आणि या कड्यापासून त्या कड्यापर्यंत अख्खी वाट मिठानं भरून टाकली.

आता मीठ तुडवायचं कुणी? तुडवलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. त्यात जत्रेला सगळे अनवाणी. पाटलांनी उचललेला पाय तसाच मागं घेतला. "बाई आहेस का कोण आहेस!" ते ओरडले. "अरे, बघता काय? वेचा!"

पालखी टेकली. चाळीस माणसं गुडघ्यावर बसून खडा खडा वेचू लागली. चिमाक्का मात्र माथ्याकडं डोळे लावून उभी. पाटी भरत आली तरी आभाळ लख्खच.

शेवटची ओंजळ राहिली आणि माथ्यामागून काळं आभाळ उठलं. असा कडकडाट झाला की खिंड हादरली. देवळापुढच्या ज्या कट्ट्यावर पालखी टेकवतात, त्याच कट्ट्यावर वीज पडली आणि त्याचे दोन तुकडे झाले. डोंगरभर गारा झोडपत होत्या, पण खिंडीतला मिठाचा एकही खडा विरघळला नाही, असं म्हणतात.

म्हादूनं पालखीचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि आईची पाटी आपल्या डोक्यावर घेतली. वाडीपर्यंत तो तिच्या मागून चालला.

तो दुभंगलेला कट्टा आम्ही अजून तसाच ठेवलाय. जत्रेच्या दिवशी पालखी खिंडीत थांबते, पाटलांच्या घरातला माणूस खळग्यात अंगठा टेकवतो आणि मीठ चिकटलं तर देवीला तिथूनच निवद दाखवतात. एरवीही चिमाक्काला, म्हणजे तिच्या त्या खळग्यातल्या मिठाला, विचारल्याशिवाय कुणी डोंगर चढत नाही.

गेल्या साली शहरातली पोरं आली होती. मोबाईल पुढं करून म्हणाली, "काका, वर स्वच्छ ऊन दाखवतंय."

पाटलांचा नातू म्हणाला, "दाखवू दे की. अंगठा टेकवा."

चिकटलं मीठ. त्यानं वाटेवर मिठाची रेघ ओढली आणि म्हणाला, "बसा. वेचायला लागा."