एका आवाजाचे दोन निकाल

एका राज्यात, जिथे तारे राखायला घुबडं नेमली होती आणि वळण घ्यायचं तर नदीलाही राजाला विचारावं लागे, गाण्याचा निकाल तीन म्हातारे देत. थोरले, मधले आणि धाकटे आचार्य. थोरल्यांनी मान डोलावली की उरलेले दोघे डोलावत. थोरल्यांनी नाक मुरडलं की तेही मुरडत. दिलेला निकाल पुन्हा तपासायचा नाही, ही दरबारची रीत.

या रीतीला विटून एका मांत्रिकाने शाप दिला. "ज्याला नाकाराल तो पक्षी होईल. कोण गातंय हे न कळता, एकाच आवाजाला दोनदा सारखा निकाल द्याल, तेव्हाच शाप सुटेल."

म्हाताऱ्यांनी शाप ऐकला आणि ताक प्यायलं. राजबाग पक्ष्यांनी भरून गेली.

मग आली तरला, मंत्रांची पाठशाळा अर्ध्यात सोडलेली. तिच्या खांद्यावर साळुंकी होती. तो तिचा धाकटा भाऊ, सुदास.

"महाराज, याचा निकाल पुन्हा लावा."

"तीनदा लावू," राजा म्हणाला. "पण रीत मोडण्याचा दंड म्हणून, निकाल दोनदा सारखा न येता फसला की याची वाणी झडत जाईल. तिसऱ्यांदा फसला, तर हा कायमचा पाखरू."

"ताई, घाबरू नकोस," साळुंकी म्हणाली. "बेसूर तर मी आधीच ठरलोय!"

पडदा लागला. सुदास गायला. कोण गातंय हे कळू नये म्हणून तरलाने खोटंच नाव पुकारलं, "महाराजांचे मेहुणे!" तिन्ही माना डोलल्या. सुदास तेच पुन्हा गायला. तरलाने पुकारलं, "कुंभाराचा पोर!" तिन्ही नाकं मुरडली.

दरबार हसला. पण सुदासच्या वाणीतून सगळी नावं गळाली. स्वतःचंसुद्धा.

दुसऱ्या खेपेला तरलाने नावं बंद केली. आचार्यांना तीन कोनाड्यांत वेगवेगळं बसवलं, प्रत्येकापुढे खडे आणि वाटी. "जितकं आवडेल तितके खडे टाका."

सुदास दोनदा गायला. मधल्यांच्या वाटीत आधी नऊ खडे, मग एक. धाकट्यांच्या वाटीत आधी दोन, मग आठ. थोरल्यांची वाटी दोन्ही वेळा रिकामी.

"आचार्य, खडे का नाही टाकलेत?"

थोरले हसत राहिले. तरला कानाशी ओरडली. तरी हसतच राहिले.

"बहिरे आहेत!" राजा उठून उभा राहिला. "मग इतकी वर्षं मान?"

मधले पुटपुटले, "ते आपल्या चेहऱ्याकडे बघून डोलावत, महाराज. आणि आम्ही त्यांच्याकडे बघून."

"म्हणजे आजवर निकाल मीच लावत होतो? मला तर गाण्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"आम्हालाही वाटायचंच, महाराज," द्वारपाल म्हणाला.

पण निकाल फसला होता. साळुंकीने चोच उघडली. एकच शब्द उरला होता. "ताई."

 तरला उरलेल्या दोघांवर कडाडली, "गाण्यात नेमकं काय बघता? एकेक करून सांगा!"

"गोडवा," मधले म्हणाले.

"तेज," धाकटे म्हणाले.

"धुकं विकताय का? मला मोजता येईल असं सांगा!"

दोघे भांडले, घसा बसेपर्यंत भांडले, आणि शेवटी तीन गोष्टींवर आले: सूर, ताल, दम. तरलाने प्रत्येकाला दहा खडे ठरवले. तंबोऱ्याशी न जुळलेल्या प्रत्येक जागेला सुराचा एक खडा उणा. मृदंगाची सम चुकली की तालाचा एक उणा. मध्येच श्वास तुटला की दमाचा एक उणा. दोघांनी आधी बागेतल्या कोकिळांवर सराव केला. पुन्हा, पुन्हा, हातांना वळण लागेपर्यंत.

मग सुदास गायला, शब्दांवाचून, नुसत्या सुरांत. मधे दुसरे पक्षी गायले. मग तेच गाणं सुदास पुन्हा गायला. कधी कोण, हे एकट्या तरलाला माहीत.

पहिल्या खेपेचे खडे एका पारड्यात, दुसऱ्या खेपेचे दुसऱ्यात. तराजू हलला, डुलला, आणि काटा मधोमध थांबला!

बागेतून गलका उठला. फांद्याफांद्यांवरून माणसं खाली उड्या मारत होती. पडदा फाडून सुदास बाहेर आला, केसांत दोन पिसं अडकलेली.

"ताई! किती? सांग ना, किती?"

"सूर नऊ. दम दहा." तरलाला हसू आवरेना. "ताल चार."

"चारच?"

"दोन्ही वेळा चार."

सुदासने क्षणभर तोंड पाडलं. मग डोळे चमकले. "म्हणजे मी बेसूर नाहीच! समच चुकते! सम तर शिकता येते!"

राजाने त्याच दिवशी दरबारची जुनी रीत मोडली. आणि सुदास मृदंगवाल्याला ओढत बागेत घेऊन गेला.