चढावर पाय टेकणे

२३ नोव्हेंबर, रविवार. पहाटे बोचरी थंडी, पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाघबीळला दाट धुकं. आठनंतर स्वच्छ ऊन. वारा नाही.

“मग माझं नाव कधी देणार, आप्पा?”

आप्पा चौगुले वाघबीळच्या टपरीवर बशीत चहा ओतत राहिले. कोल्हापुरातले लांब पल्ल्याचे निम्मे सायकलस्वार त्यांच्या हाताखालून गेलेले. वय शहात्तर. जानेवारीत कन्याकुमारीला निघणाऱ्या गटात कोणाला घ्यायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं.

विचारत होती रोहिणी कोठावळे. राजारामपुरीत तिचं चष्म्याचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तिला रक्ताचा कर्करोग निघाला. जाणार नाही, पण औषधाने दबून राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर तिसऱ्या सोमवारी सलाईनमधून औषध. सायकलला त्यांची हरकत नव्हती.

हरकत गटातल्या काहींची होती. वाटेतच थांबली तर काय करायचं, असं ते म्हणत. ते रोहिणीच्या कानावर आलं. तेव्हापासून ती पन्हाळ्याचा चढ एकदाही पाय न टेकता चढायची, आणि वर पोचली की भेटेल त्याला सांगायची.

“सोमवारीच औषध झालंय,” ती म्हणाली. “तरी आज पाय टेकणार नाही. बघाच तुम्ही.”

“बघू की.”

आप्पा नेहमीसारखे माझ्या स्कूटरवर मागे बसले.

सगळ्यात उभ्या वळणावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि हात आडवा धरला.

रोहिणी धापा टाकत वर आली.

“आप्पा, बाजूला व्हा.”

“उतर.”

“इथं?”

“इथंच.”

तिने पाय टेकला.

तिची धाप बसल्यावर आप्पा म्हणाले, “हां. आता जा.”

तिने पेडलवर जोर दिला. सायकल मागे घसरली. पुन्हा दिला. पुढचं चाक वळलं आणि ती सायकलसकट कडेच्या गवतात आडवी झाली.

“लागलं?”

“नाही.”

“गवत बघून पडलीस. शाणी हैस.”

रागात होती, तरी तिला हसू आलं. मग ती थोडा वेळ नुसती चढाकडे बघत राहिली. गिअर हलका केला. मागेपुढे गाडी नाही असं बघून सायकल रस्त्यावर तिरकी लावली, आडवी चालवत दोनदा पेडल मारलं आणि वेग आल्यावर तिचं तोंड वर वळवलं.

सायकल निघाली.

पुढच्या वळणावर आप्पांचा हात पुन्हा आडवा. त्याच्या पुढच्या वळणावरही. तिथे मात्र त्यांनी हात उचलायच्या आधीच ती थांबली होती. बाटली काढून सावकाश पाणी प्यायली.

खाली धुकं विरत होतं. शेतं दिसायला लागली होती.

“एवढ्या वेळा आले,” ती म्हणाली, “आणि हे कधी बघितलंच नाही.”

आप्पांनीही बघितलं. कोणाला घाई नव्हती.

वर पोचल्यावर तिने सायकल भिंतीला टेकवली. बराच वेळ पायाखालचा खडा फिरवत राहिली.

“मी आज मधे पाय टेकला, हे गटात कळलं तर...”

“मीच सांगणाराय.”

“...मग नाव?”

“आज देतो.”

*

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ढगाळ, नंतर ऊन.

गट अकरा तारखेला निघाला. ठरल्याप्रमाणे एकोणीसला रोहिणीने सेलमच्या एका दवाखान्यात औषध घेतलं. रात्री ताप आला. ताप उतरून रक्त तपासल्याशिवाय निघायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. एक जण तिच्याजवळ राहिला, बाकीचे पुढे गेले.

गटप्रमुखाने वाटेतून आप्पांना फोन केला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तो फार काळजीत होता. आपण आधीच म्हणत होतो, असंही त्याने ऐकवलं. शेवटी म्हणाला, “आप्पा, त्या थांबल्या हो.”

आप्पा म्हणाले, “थांबू दे. तेवढं तिला चांगलं येतं.”

गट तेवीस तारखेला कन्याकुमारीला पोचला. रोहिणी आज दुपारी सव्वाचारला सायकलवर पोचली.