ठमाबाईचा श्वास

फार पूर्वी, घरातल्या वस्तू माणसांशी बोलत असत तेव्हा, ठमाबाईची फुंकणी चुलीला म्हणाली, “अगं, बाईचा श्वास रोज कमी होतोय. फुंकताना मला कळतं. तुझ्या धुराने ती मरेल.”

चूल म्हणाली, “धुराला वाट करायची तर मला फोडावं लागेल. मला भीती वाटते.”

तेवढ्यात ठमाबाई खोकत खोकत खाली बसली. ते पाहून चूलच म्हणाली, “बाई, मला फोड. याच मातीची नवी घाल आणि धुराला छपरातून वाट दे.”

ठमाबाईने तसंच केलं. नवी चूल निम्म्या लाकडांत, न फुंकता धडधडून पेटली.

महिन्याभराने ठमाबाईने नवऱ्याला जेवायला हाक मारली. ती हाक थेट डोंगरावरच्या शेतात पोचली, आणि तिकडून नवऱ्याने ओ दिली.