अराबानं उघडलेली खाडी

ऐका, ही गोष्ट आपल्या मुलखातली नाही. दूर पश्चिम आफ्रिकेत, आज ज्याला घाना म्हणतात त्या देशाच्या किनाऱ्यावर एन्सुआनो नावाचं कोळ्यांचं गाव होतं. फार फार वर्षांपूर्वी तिथे अराबा राहायची. नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. पदरी एक लहान मुलगी, एकुआ. मासे धुरावर भाजायचे, बाजारात विकायचे, असं दोघींचं चाललं होतं.

गावाला लागून खाडी होती. मासे तिथे अंडी घालायला येत. तेवढे दिवस कोणी जाळं टाकायचं नाही, ढोलसुद्धा वाजवायचा नाही, असा नेम होता. ढोलानं माशांची झोप मोडते, असं म्हणतात. पिल्लं मोठी झाली की खाडी उघडायची, आणि तोच गावाचा सण.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. समुद्रानं खाडीच्या तोंडाशी वाळूचा असा दांडा रचला की भरतीचं पाणी आत येईना. खाडी आटत चालली. घरातला मका संपला. तेव्हा गावप्रमुखानं सगळ्यांना बोलावलं. तिकडेही मोठ्या माणसाला नानाच म्हणतात. हे नाना क्वामिना.

"उद्या जाळी टाका," नाना म्हणाले. "नेम पोट भरल्यावर पाळू."

अराबा उठली.

"नाना, बोटाएवढी पिल्लं आहेत ती. एक दिवस निघेल. मग पुढच्या वर्षी खाडीत काय उरेल?"

"आणि तुझी एकुआ आज काय खाईल?"

अराबानं खाली पाहिलं. पोर तिच्या पायाशी पडून होती. रडायचंही त्राण नव्हतं तिला. अराबाचे डोळे भरले, पण ती हटली नाही.

"मला उद्याच्या भरतीपर्यंत वेळ द्या. समुद्र आत आला नाही, तर पहिलं जाळं मीच टाकीन."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती सुक्या भोपळ्याचा तुंबा घेऊन दांड्यावर गेली आणि वाळू उपसू लागली. उपसावं तेवढी वाळू परत घसरे. पुरुष खांद्यावर जाळी टाकून हसत उभे राहिले. ऊन चढलं. तिची बोटं सोलली. तेव्हा शेजारीण एफुआ आपलं भांडं घेऊन आली.

"सरक. मला जागा दे."

मग एकेक करत गावातल्या सगळ्या बाया आल्या.

दिवस कलला तेव्हा चर समुद्रापाशी पोचला होता. मधे वाळूची पातळशी भिंत. वारा पडला. लाटासुद्धा थांबल्या, असं म्हणतात.

"वर व्हा सगळ्या," अराबा म्हणाली. "एफुआ, माझ्या एकुआला सांभाळ."

एकटीच ती खाली उतरली आणि शेवटची वाळू तिनं फोडली.

आणि समुद्र उठून उभा राहिला. त्या पाण्याच्या भिंतीत मासे दिव्यांसारखे पेटले होते, असं म्हणतात. अराबा वाहून गेली नाही. गुराख्यामागून गुरं चालावीत तसं ते पाणी तिच्यामागून चालत आलं. ती खाडीत शिरली, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. मग वर केलेला हात तेवढा दिसत राहिला. मग तोही दिसेना.

सकाळी खाडी काठोकाठ भरली होती आणि मोठाले मासे उड्या मारत होते. नाना अनवाणी चालत आले आणि एकुआसमोर जमिनीवर बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मी आधी तुझ्या आईला विचारायला हवं होतं."

आजही त्या गावात सणाला शाळा बंद, बाजार बंद. शहरात गेलेली पोरं बस भरभरून परततात. चर्चमधले येतात, मशिदीतले येतात. मक्याचं पीठ पामतेलात कालवून पाण्यावर शिंपडतात. मोठ्या छत्रीखाली आताच्या नानांची पालखी येते. काठाशी नाना खाली उतरतात, चपला काढतात आणि बायांना विचारतात, "खाडी उघडायची का?" त्या हो म्हणेपर्यंत जाळं हलत नाही.

एका वर्षी राजधानीतून मंत्री आले होते, बँड आला होता, चुलीवर हंडे चढले होते. बायांनी पाण्यात वाकून पाहिलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "पिल्लं लहान आहेत."

नानांनी मान लववली. आणि अख्खं गाव, मंत्र्यांसकट, ढोल काखेत धरून, आवाज न करता परत फिरलं.