आडवी बाटली

इंगवले वकील उलटतपासणीला उभे राहिले की साक्षीदाराला घाम फुटायचाच, अशी त्यांची जिल्हाभर ख्याती. आज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होत्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर रेवती खांबेटे.

आरोपी पुतण्याचं म्हणणं, काका पालथे पडले नि तिथंच गेले, कुणी हातही लावला नाही. डॉक्टर म्हणत होत्या, प्रेत आधी कितीतरी तास उताणं होतं. मेल्यावर रक्त खालच्या अंगाला उतरतं, आणि त्याचे जांभळे डाग काकांच्या पाठीवर होते.

"तुम्ही होतात का तिथं?" वकील गरजले. "मग हे ज्योतिष कशाला?"

डॉक्टरांचं लक्ष मघापासून वकिलांच्या टेबलावरच्या पित्ताच्या औषधाकडे होतं.

"साहेब, ही बाटली रात्रभर पिशवीत आडवी होती ना?"

"होती. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिच्या साक्यानं. आता उभी आहे, पण पांढरा साका एकाच कुशीला बसलाय. मी काही तुमच्या पिशवीत नव्हते."

कोर्टात खसखस पिकली. वकील घाईघाईनं बाटली हलवू लागले.

"हलवा, साहेब. हा साका मोडेल. रक्त मात्र काही तासांत पक्कं बसतं, मग प्रेत कितीही उलटंपालटं करा. काकांना पालथं करणाऱ्याला तेवढंच ठाऊक नव्हतं."