बाण आणि पाट्या लावणारी यादी

वाचनालयात पहिला कॉम्प्युटर आला, त्यालाही आता खूप वर्षं झाली. त्याच्या पडद्यावर एक बाण राहायचा. शेजारी तीन पाट्या होत्या, दूरच्या तीन कॉम्प्युटरांची वाट दाखवणाऱ्या. ते दूरचे कॉम्प्युटर केव्हाच बंद पडले होते. तरी हा बिचारा कॉम्प्युटर रोज सकाळी त्यांना हाका मारत ताटकळत बसायचा, लवकर उघडायचाच नाही. वाचनालय सांभाळणाऱ्या शेवंताबाई वैतागून म्हणाल्या, "सोमवारी हा भंगारात!"

बाण घाबरला. त्याने तिन्ही पाट्या ओढत नेऊन पडद्यावरच्या कचरापेटीत टाकल्या. सकाळी बघतो तर तिन्ही जागच्या जागी!

"मी गिळल्या होत्या रे बाबा," कचरापेटी म्हणाली.

"मग परत लावतं कोण?" बाणाला राहवेना. शोधत शोधत तो कॉम्प्युटरच्या पार आतल्या खोलीत गेला. तिथे एक म्हातारी यादी बसली होती. एकेक ओळ वाचायची, एकेक पाटी लावायची.

"आजी, अगं ते दूरचे कॉम्प्युटर कधीच बंद पडले!"

यादी थबकली. "बंद पडले? मी अकरा वर्षं लावतेय. मला सांगायला कुणी आलंच नाही बघ."

बाण ओळी खोडायला पुढे सरसावला.

"खोडू नकोस बाळा. ओळीच्या आधी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची जाळीसारखी खूण कर. ती दिसली की मी ती ओळ सोडून देते."

बाणाने तिन्ही ओळींआधी तशी खूण केली आणि पाट्या पुन्हा कचरापेटीत टाकल्या. सोमवारी कॉम्प्युटर झटकन उघडला. शेवंताबाईंनी भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं.

बाण मात्र अजून रोज सकाळी आत जातो. म्हणतो, "आजी, बाहेर काय काय बदललं, सांगू?"